भरल्या ताटावरून कुणाला उठवायचे?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. पुण्याची जीएमआरटी दुर्बीण, दिल्ली आणि कोलकाता ही त्यांची ठिकाणे. बातम्यांत गणनाच्या वेगाची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. पण अशा यंत्रांच्या पोटातील एका प्रश्नाचा मथळा कधी होत नाही: मेमरी संपली, तर पुढे काय? नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. म्हणजे या प्रश्नाला लिनक्सचा कर्नल जे उत्तर देतो, त्यावर जगातले बरेचसे विज्ञान अवलंबून आहे. (हा कर्नल सैन्यातला नव्हे; ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.)

मुळात मेमरी संपतेच कशी? लग्नाचे निमंत्रण पाचशे जणांना जाते, स्वयंपाक मात्र तीनशेंचा होतो, कारण सगळे एकाच वेळी पंगतीला बसत नाहीत हा अनुभव असतो. कर्नलही तसेच करतो. एखाद्या प्रोग्रामने मेमरी मागितली की तो बहुधा ‘दिली’ म्हणतो. प्रत्यक्ष पान, म्हणजे सामान्यतः ४०९६ बाइटांचा तुकडा, प्रोग्रामने त्याला हात लावल्यावरच वाढले जाते. मागितलेल्यापैकी बरेचसे कधी वापरलेच जात नाही, म्हणून हा व्यवहार किफायतशीर ठरतो. पण एखाद्या दिवशी पाचशेही जण एकदम येतात. ‘देतो’ म्हणून झालेले असल्याने आता नकार देता येत नाही. मग कुणाला तरी भरल्या ताटावरून उठवावे लागते. हे काम करणाऱ्या यंत्रणेचे नाव रोखठोक आहे: ओओएम किलर. जो सर्वांत जास्त मेमरी व्यापून बसला आहे, तो साधारणतः तिचा बळी ठरतो. प्रत्येक प्रोसेसला −१००० ते +१००० असा अंक देऊन ही निवड वरखाली करता येते. −१००० म्हणजे पूर्ण अभय.

काही वर्षांपूर्वी भिलाईतील एका प्रयोगशाळेच्या सर्व्हरची तक्रार माझ्याकडे आली. एका संशोधक विद्यार्थिनीचे गणन नऊ दिवस चालायचे आणि अखेरच्या टप्प्यात सगळे यंत्रच गोठायचे. असे तिसऱ्यांदा घडले होते. प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली होती, आणि तिच्या बोलण्यात रागापेक्षा थकवा अधिक होता.

गोठलेले यंत्र स्वतःच्या डिस्कवर काही लिहू शकत नाही, म्हणून सीरियल केबल जोडून त्याचे संदेश दुसऱ्या संगणकावर उतरवले. चौथ्यांदा ते गोठले तेव्हा कळफलकावरील विशेष आज्ञेने प्रत्येक प्रोसेस कुठे अडकली आहे याची यादी काढली. किलरने आपले काम केले होते. बळीही निवडला होता. पण बळी मरत नव्हता.

कारण असे होते. तिच्या गणनाचे अनेक भाग एकाच फाइलमध्ये निकाल लिहीत. मृत्यूची आज्ञा मिळालेला भाग त्या फाइलच्या कुलपासाठी थांबला होता, आणि ज्या अवस्थेत तो थांबला होता त्या अवस्थेत मरणाची आज्ञाही ऐकू येत नाही. कुलूप दुसऱ्या भागाच्या हातात होते. तो लिहिता लिहिता कर्नलकडे थोडी मेमरी मागत होता. ती बळी मेल्यावरच मिळणार, बळी कुलूप मिळाल्यावरच मरणार, आणि कुलूप मेमरी मिळाल्यावरच सुटणार.

हा दोष त्या प्रयोगशाळेपुरता नव्हता. तेत्सुओ हांदा या जपानी विकासकाने २०१४ च्या अखेरीस असाच पेच लिनक्सच्या विकासकांपुढे मांडला, तेव्हा अनेक अनुभवी मंडळीही चकित झाली. कर्नलच्या आत एक अलिखित नियम नांदत होता: आठ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ किलोबाइटांपर्यंतची मागणी सहसा नाकारायचीच नाही, मिळेपर्यंत प्रयत्न करत राहायचे. मग नकार द्यायला सुरुवात करावी, हा सोपा उपाय वाटतो. पण नकार मिळाल्यास काय करायचे हे सांगणारे हजारो तुकडे कर्नलमध्ये लिहिलेले होते आणि त्यांतले बरेचसे प्रत्यक्षात कधी चाललेच नव्हते. जी वाट कुणी तुडवलेली नाही तिच्यावर ऐन संकटात गर्दी सोडणे हे नवे संकट होते.

हे सगळे मी बाबांना सांगितले. ते भंडारा जिल्ह्यातून नोकरीसाठी इकडे आले आणि पोलाद कारखान्यातच निवृत्त झाले. संगणकाशी त्यांचा संबंध रेल्वेच्या तिकिटापुरता. त्यांनी एवढेच विचारले, “फर्नेसला थंड ठेवायला पाणी लागतं. पाणी चढवायला पंप लागतो, पंपाला वीज. वीजच गेली तर?”

“जनरेटर?” मी म्हणाले.

“तो सुरू होईपर्यंत?” आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, “उंचावर टाकी भरून ठेवलेली असते, बाई. पाणी आपल्या वजनानं खाली येतं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.”

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या गावाने पोटाशी आग बाळगली आहे, त्यामुळे असे ज्ञान इथे घराघरात असते. मला मात्र त्या वाक्यात कर्नलच्या पेचाचे सार दिसले: आपत्कालीन व्यवस्थेने, ज्या गोष्टीचा तुटवडा आहे तीच मागता कामा नये.

लिनक्समध्ये पुढे झालेली सुधारणा याच धर्तीची आहे. मिखाल होत्स्को यांनी रचलेला ‘ओओएम रीपर’ मे २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीत आला. बळी मरेपर्यंत तो थांबत नाही. बळी कुलपासाठी ताटकळत असतानाच त्याची खासगी पाने काढून घेतो. त्यालाही एका कुलपाची गरज असते, पण ते मिळाले नाही तर तो अडून बसत नाही. काही वेळा प्रयत्न करतो आणि बाजूला होतो. मुख्य म्हणजे त्याची निर्मिती यंत्र सुरू होतानाच झालेली असते. संकटाच्या घटकेला त्याला जन्म घ्यावा लागत नाही. टाकी आधीच भरलेली असते.

हे तत्त्व मंगळावरही खरे ठरले आहे. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ ही बग्गी उतरल्यानंतर अठराव्या मंगळदिवशी गप्प झाली. तिच्या फ्लॅश साठ्यात फाइली इतक्या साचल्या होत्या, की त्यांची सूची मांडायला मेमरी पुरेना. मेमरी संपली की यंत्र पुन्हा सुरू होई. सुरू होताना तीच सूची मांडू लागे. आणि पुन्हा कोसळे. रात्री झोप नाही, बॅटरी खर्ची पडते आहे, अशी तिची अवस्था होती. अखेर अभियंत्यांनी तिला फ्लॅशकडे न पाहता उठण्याची आज्ञा दिली आणि नंतर साठा साफ केला. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या त्या बग्गीने २०१० पर्यंत पृथ्वीशी संपर्क ठेवला.

इकडे नवा कर्नल बसवल्यावर सर्व्हर गोठायचा थांबला. पण इथेच एक कटू सत्य समोर आले. किलर आता यशस्वी होणार होता, आणि सर्वांत मोठी प्रोसेस त्या विद्यार्थिनीचीच होती. दुरुस्तीने यंत्र वाचले. तिचे नऊ दिवस नव्हे. “मला अभय द्या ना,” ती म्हणाली. देता आले असते. पण मग इतर कुणाचे तरी काम बळी गेले असते, आणि उद्या प्रत्येकाने अभय मागितले असते. मारण्याजोगे कुणीच उरले नाही, तर कर्नल स्वतःच कोसळतो.

शेवटी दोन गोष्टी केल्या. प्रत्येकाच्या कामाला मेमरीची मर्यादा घातली, म्हणजे एकाच्या भुकेपायी दुसऱ्याचे ताट जाऊ नये. आणि तिच्या गणनाची स्थिती दर सहा तासांनी डिस्कवर जपून ठेवण्याची सोय केली. पुढच्या फेरीत तिचे काम एकदा मारले गेले, पण नुकसान सहा तासांच्या आतच राहिले. प्रबंध वेळेत गेला.

विद्यार्थी मित्रांनो, लिनक्समध्ये मेमरीच्या मागण्या मुद्दाम फसवण्याची सोय २००७ पासून आहे. आभासी यंत्रात ती चालू करा आणि आपला प्रोग्राम किंवा ड्रायव्हर नकार कसा पचवतो ते पाहा. पहिल्या तासाभरातच बरेच शिकायला मिळेल. उंचावरची टाकी भरलेली आहे की नाही, हे वीज असतानाच पाहून ठेवायचे असते.