आधी तपास, मग आरोप!

दोस्तांनो, घरातला कॉम्प्युटर नीट चालतो तेव्हा तो सगळ्यांचा असतो. पण त्याचं इंटरनेट गेलं, की घरात एकच प्रश्न घुमतो : "शेवटचा हात कोणी लावला?" आणि गंमत पाहा, उत्तरही ठरलेलंच असतं. घरातलं सगळ्यात लहान माणूस! त्यानंच गेम टाकला असणार, त्यानंच काहीतरी दाबलं असणार. चौकशी व्हायच्या आधीच निकाल तयार!

मला या प्रश्नाचा भारी राग येतो. का, ते सांगतो.

आमच्या शेजारी नववीतली एक मुलगी राहते. तिनं तीन महिने खपून आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या, रेकॉर्ड केल्या आणि लॅपटॉपवर उतरवल्या. हा प्रकल्प गुरुवारी सकाळपर्यंत बाईंना ई-मेलनं पाठवायचा होता. बुधवारी संध्याकाळी तिनं लॅपटॉप उघडला, तर वाय-फायची खूण गायब! तिच्या जागी पृथ्वीच्या गोलाचं चित्र. सेटिंग्जमध्ये पाहिलं, तर तिथंही वाय-फायचं नावच नाही. बाबा चिडले. "तूच काहीतरी केलंस!" त्यांनी एका दुकानात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे पाटी कोरी. ओव्यांसकट सगळं पुसलं जाणार! मुलगी रडवेली होऊन आमच्याकडे आली. "काका, मी खरंच काही केलं नाही हो."

मी म्हटलं, "चल, आपण लॅपटॉपलाच विचारू."

आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉप काय बोलणार? बोलतो बरं का! फक्त एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर वहीत लिहायचं. पण त्याआधी आम्ही सगळ्यात महत्त्वाचं काम उरकलं. प्रकल्पाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. त्याला इंटरनेट लागत नाही. ओव्या सुरक्षित झाल्या, आणि मुलीचे डोळेही कोरडे झाले.

पहिला प्रश्न : बिघाड घराच्या लाइनमध्ये की लॅपटॉपमध्ये? बाबांच्या मोबाइलवर त्याच वाय-फायनं इंटरनेट चालू होतं. म्हणजे लाइन आणि राउटर दोघंही निर्दोष.

दुसरा प्रश्न : वाय-फाय कोणी बंद तर केलं नाही? एअरप्लेन मोड पाहिला. बंदच होता.

तिसरा प्रश्न : लॅपटॉप खरोखर नव्यानं सुरू झालाय का? बाबा म्हणाले, "अरे, दोनदा बंद करून चालू केला!" इथं एक मजेदार गोष्ट आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हा त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपला काही भाग जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. त्यामुळे एखादा बिघाडही तसाच परत येऊ शकतो! 'रीस्टार्ट' मात्र सगळं पहिल्यापासून सुरू करतं. म्हणून आम्ही रीस्टार्ट केलं. पण वाय-फाय आलं नाही. हरकत नाही, एक शंका तर मिटली.

चौथा प्रश्न : लॅपटॉपला वाय-फायचं कार्ड दिसतंय का? 'स्टार्ट' बटणावर उजवं क्लिक केलं, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडलं आणि 'नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स'ची यादी पाहिली. कार्डाचं नाव होतं, पण त्यावर पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह! (तिथं खाली वळलेला बाण दिसला, तर कार्ड बंद केलेलं आहे असं समजा. मग उजवं क्लिक करून 'एनेबल' करायचं, की झालं.)

पिवळा त्रिकोण म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हरचं दुखणं. ड्रायव्हर म्हणजे कोण? विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषा. कार्ड धडधाकट असलं, तरी दुभाषा चुकीचं बोलू लागला तर दोघांचं संभाषणच थांबतं. मग विंडोजच्या लेखी ते कार्ड असून नसल्यासारखं!

पाचवा प्रश्न सगळ्यात मोलाचा : दुभाषा कधी बदलला? सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी. तिथं ड्रायव्हरच्या यादीत वाय-फाय कार्डाचं नाव आणि पुढं तारीख होती. मंगळवारची! मुलीनं लॅपटॉप शेवटचा वापरला होता सोमवारी. मंगळवारी रात्री ऑफिसचं काम करत बसले होते ते बाबा. अर्थात, बाबांनीही काही केलं नव्हतं. नवा ड्रायव्हर आपोआप आला होता. पण बुधवारी लॅपटॉप पहिल्यांदा उघडला मुलीनं, म्हणून आळ तिच्यावर आला.

बाबा ती तारीख बघत राहिले. मग त्यांनी लॅपटॉप मुलीकडे सरकवला आणि म्हणाले, "पासवर्ड मी टाकतो. पुढचं तू कर."

तिनं कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक केलं, 'ड्रायव्हर' या पानावर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबलं. जुना दुभाषा कामावर परतला! रीस्टार्ट केल्यावर वाय-फायची खूण हजर. रात्री साडेनऊला ओव्या बाईंकडे पोचल्या.

हे बटण तुमच्याकडे फिकं दिसलं, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा. मग मोबाइल केबलनं जोडून त्याचं 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लॅपटॉपला तात्पुरतं इंटरनेट मिळतं. त्यावरून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यायचा, भलत्या ठिकाणाहून नाही. आणि ही कामं घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवूनच करायची, बरं का!

कधी कधी हे सारं करूनही कार्ड दिसत नाही, कारण ते खरंच बिघडलेलं असतं. तेव्हा दुकान गाठावंच लागतं. पण जाताना वही सोबत न्या. काय काय तपासलं हे तुम्ही सांगितलंत, तर दुरुस्त करणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि "फॉरमॅट मारा" म्हणण्याआधी तोही जरा विचार करतो.

आईबाबांनो, हे पान तुम्हीही वाचत असाल, म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी "कोणी हात लावला?" असं विचारू नका. "काय काय दिसतंय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला मुलं घाबरतात आणि खरं घडलेलंही लपवतात. दुसऱ्या प्रश्नाला ती खुर्ची ओढून तुमच्या शेजारी येऊन बसतात.