समोरच्या भिंतीचा उजेड

अ‍ॅरिझोना आणि यूटा या राज्यांतला तांबडा दगड दिवसभरात एका रंगावर ठरत नाही. पहाटे तो फिकट गुलाबी असतो. दुपारी विटतो, पांढुरका होतो. उन्हं कलली की पेटतो, आणि सूर्य बुडाल्यावर काही क्षण जांभळा पडतो. दगड मात्र तोच. त्यातला वाळूचा कण न् कण गारगोटीचा, जवळजवळ बिनरंगाचा. त्याच्यावर लोहाच्या ऑक्साइडचं पातळसं पूट चढलेलं. इतक्याशा गंजावर त्या साऱ्या मुलखाचं रंगवैभव उभं आहे. बाकीचं काम उजेडाचं. तो किती उंचावरून येतो, कशावर आपटून येतो, वाटेत कोणाला शिवून येतो, यावर सगळं.

ऑक्टोबरात लेकीच्या शाळेला शरदाची सुट्टी लागली. आई-बाबा संगमनेरहून आलेले होते. आम्ही फिनिक्सहून उत्तरेकडे गाडी काढली. सुकाणू नवऱ्याकडे, कॅमेरा माझ्याकडे, लेकीच्या हातात तिचा फोन. आईच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बाबांच्या मांडीवर स्केचबुक.

बाबांनी उभी हयात शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांसमोर ते टेबलावर माठ, दोन वांगी, एखादं चुरगळलेलं कापड मांडायचे आणि सांगायचे, “काळी बाजू एकदम काळी करून टाकू नका. तिची कड बघा. टेबलावरून उलटून आलेला उजेड तिथे दिसेल.” त्या कडेवरची फिकट पट्टी कागदावर उतरली की सपाट माठ गोल व्हायचा, हात लावावासा वाटायचा. मीही त्या वर्गात बसले आहे. थेट पडणारा उजेड वस्तूचा आकार सांगतो आणि उलटून आलेला उजेड तिच्या शेजाराची हकिगत सांगतो, हे मी तिथे शिकले. वाळवंटात ते माझ्यासमोर कित्येक मजले उंच होऊन उभं राहिलं.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेवर आम्ही भर दुपारी पोचलो. कोलोरॅडो नदीने गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल आहे. तळाशी उघडा पडलेला काळसर खडक १७० कोटी वर्षांहून जुना. भूशास्त्रज्ञ त्याला विष्णू शिस्ट म्हणतात. समोरच्या सुळक्यांमध्ये एक विष्णूचं मंदिर आहे, एक शिवाचं. ब्रह्मदेवाच्या नावाचंही शिखर आहे. विष्णू आणि शिव ही नावं क्लॅरन्स डटन या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली. त्या थरांच्या राशी बघताना त्याला पूर्वेकडच्या देवळांची शिखरं आठवली होती. आईने कठड्यापाशी चपला काढल्या आणि हात जोडले. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. एवढं मोठं काही समोर आलं की हात जोडायचे, हे तिला ठाऊकच होतं.

बाबा मात्र पेन्सिल हातात धरून बराच वेळ नुसते बसले होते. शेवटी म्हणाले, “बाळ, इथे नुसत्या रेषा सापडताहेत. गोलाई सापडत नाही.” मी पडद्यावर माझे फोटो पाहिले. तेच होतं. या दरीच्या दोन कडांमध्ये काही ठिकाणी २९ किलोमीटरचं अंतर आहे. पलीकडच्या भिंतीवर पडलेलं ऊन अलीकडे येईपर्यंत निळसर धूसर हवेत विरून जातं. या भिंती एकमेकींना दिसतात, पण एकमेकींच्या अंगावर त्यांचा उजेड पडत नाही. ते भव्यपण पाहून छाती भरून आली, आणि तरी मला वाटलं, किती एकेकटे आहेत हे सुळके.

तिथून पेज गावी. गावाला लागूनच ग्लेन कॅन्यन धरण. १९६३ मध्ये त्याचे दरवाजे बंद झाले आणि ग्लेन कॅन्यन नावाची दरी तिच्या शेकडो कोनाड्यांसह पाण्याखाली जायला लागली. त्याआधी एलियट पोर्टर नावाचा छायाचित्रकार तिथे फिरून गेला होता. तो शिक्षणाने डॉक्टर; पुढे सगळं सोडून निसर्गाच्या रंगीत छायाचित्रांना वाहून घेतलेला. १९६३ मध्येच सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेने त्याचं ग्लेन कॅन्यनवरचं पुस्तक काढलं. त्यातली चित्रं मी पुन्हापुन्हा पाहिली आहेत. क्षितिजं, दूरवरचे देखावे त्यांत फार नाहीत. पोर्टर सावलीत उभा राहायचा. जिथे ऊन स्वतः पोचत नाही, पण समोरच्या उन्हातल्या भिंतीचा नारिंगी उजेड ओल्या दगडावर उतरतो आणि डबक्यात आभाळाचा निळा उतरतो, अशा जागा तो शोधायचा. बुडणाऱ्या दरीची आठवण ठेवायला त्याने हाच उजेड निवडला. त्या भिंती पाण्याखाली गेल्या, तरी त्यांचा एकमेकींशी असलेला तो संबंध आजही कागदावर शाबूत आहे.

दुष्काळाच्या वर्षांत जलाशयाचं पाणी खूप खाली गेलं. पूर्वीच्या पातळीपर्यंतचा लाल कडा क्षारांनी पांढरा झालेला दिसतो, सरळ रेघ मारल्यासारखा. आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. उजनी धरणाच्या पाण्यात त्या भागातली गावं गेली. पांढऱ्या पट्ट्याकडे बघत ती म्हणाली, “पाणी उतरलं की आमचं पळसदेवचं जुनं देऊळ असंच वर येतं. लोक होडीतून दर्शनाला जातात.” लेकीने हे पहिल्यांदाच ऐकलं. पुढचा बराच वेळ ती आजीला विचारत राहिली: घरं कुठे होती, आड कुठे होता, माणसं कुठे गेली. अ‍ॅरिझोनातल्या त्या कड्यावर माझ्या लेकीच्या ओळखीत भीमाकाठचं एक गाव आलं.

दुसऱ्या दिवशी लोअर अँटलोप कॅन्यन. ही जमीन नवाहो लोकांची, आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. वरून पाहिलं तर जमिनीला गेलेली एक भेग. लोखंडी जिन्याने खाली उतरलं की माणूस दगडाच्या लाटांमध्ये जातो. हा नवाहो वालुकाश्म. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्या वाऱ्याने सरकत होत्या. त्यांच्या उतारांचे तिरपे थर भिंतींवर बोट फिरवून मोजता येतात. नंतर वळवाच्या पुरांनी वाळू-गोटे घेऊन येत हा दगड घासला, पिळला, वळवला. काही जागी वाट खांद्याएवढीच. बाबा पुढे, त्यांच्या पाठीवर हात ठेवून लेक, मग आई, मग आम्ही.

आणि तिथे तो उजेड होता. वरच्या कडेला ऊन थेट लागतं, तिथे भिंत फिकट पिवळी. तो उजेड समोरच्या भिंतीवर जातो; लोहाचं पूट त्यातला निळा-हिरवा भाग गिळतं आणि नारिंगी परत फेकतं. तो पुन्हा पलीकडे, तिथून पुन्हा अलीकडे. दर उसळीला रंग दाट होतो. तळापर्यंत येता येता तो तांबूस, किरमिजी होतो, आणि जिथे ही देवाणघेवाण मंदावते तिथे आभाळाचा जरासा निळा मिसळून जांभळा. शेजारच्या अप्पर अँटलोपमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी उन्हाचे सरळ झोत जमिनीपर्यंत उतरतात, त्यांच्यासाठी लोक लांबून येतात. आम्ही गेलो तेव्हा ते दिवस सरले होते. मला त्यांची उणीव भासली नाही. एकाही किरणाला स्वतःचं नाव नव्हतं आणि कुठेही काळोख नव्हता.

वाटाड्याने लेकीचा फोन हातात घेऊन व्हाइट बॅलन्सची सेटिंग बदलून दिली. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो चेहऱ्याचा रंग ‘बरोबर’ करायला धावतो, आणि त्या नादात भिंतीचा सगळा उजेड पुसून टाकतो. तिने आजीचा फोटो काढला. आईच्या एका गालावर नारिंगी, दुसऱ्यावर जांभळट, पांढऱ्या केसांना सोनेरी कड. लेक म्हणाली, “आजोबा, पण आजीचा खरा रंग असा नाही ना?” बाबा फोटोकडे बघत म्हणाले, “ती कुठे उभी आहे ते धरूनच तिचा रंग बघायचा, बाळा. कुठेच उभं नसलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही.”

वाटाड्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे सांगितलीच पाहिजे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच घळीत ११ पर्यटक पुरात वाहून गेले. पाऊस वरच्या अंगाला, काही मैलांवर पडला होता. तिकडचं पाणी या भेगेत शिरलं आणि अरुंद वाटेत उंच चढलं. आताचे पक्के ठोकलेले जिने, हवामानावरची सततची नजर, ही त्या दिवसानंतरची शिस्त. ज्या चिंचोळेपणामुळे हा उजेड आहे, त्याच चिंचोळेपणाने माणसं नेली. मी त्या भिंतीला हात लावला तेव्हा दोन्ही गोष्टी माझ्या मनात होत्या, आणि एकीसाठी दुसरी विसरावी असं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर बाबांना आमच्या अकोले तालुक्यातली सांदण दरी आठवली. साम्रद गावाजवळ, रतनगडाच्या शेजारी, सह्याद्रीला पडलेली अशीच अरुंद भेग. तिथला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळा. या वाळवंटाच्या मानाने तरुण. लेकीने विचारलं, काळ्या दगडातून उजेड येतो का? बाबा म्हणाले, “येतो. मोजका येतो, पण येतो. भिंत ओली असली की जास्त.” मग त्यांनी तिला पेन्सिलीने काळ्या भिंतीची ओली कड काढून दाखवली.

मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना फोनमधलं घड्याळ एक तास पुढे सरकलं. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ हलवत नाही, नवाहो नेशन हलवतं. मॉन्युमेंट व्हॅली १९५८ पासून नवाहोंचा राखीव उद्यानप्रदेश आहे. दिग्दर्शक जॉन फोर्डने १९३९ च्या ‘स्टेजकोच’ चित्रपटापासून पडद्यावर आणलेले ते सुळके आम्ही संध्याकाळी पाहिले. खालचा मऊ थर झिजतो, वरच्या कठीण वालुकाश्माचा आधार सुटतो आणि त्याचे उभे तुकडे कोसळतात. म्हणून या भिंती इतक्या ताठ. वर्षातून दोनदा, मार्चच्या अखेरीला आणि सप्टेंबरच्या मध्यावर, मावळतीला मिटन नावाच्या दोन सुळक्यांपैकी एकाची सावली बरोबर दुसऱ्याच्या अंगावर पडते. शेजाऱ्यांचं एकमेकांवर हेही पडतं. उजेड घ्यायचा तर सावलीही घ्यावी लागते, आणि तीही वेळेवर येऊन वेळेवर जाते.

शेवटी मोआबजवळचं कॅन्यनलँड्स. पहाटेच्या थंडीत मेसा आर्चपुढे ट्रायपॉडची रांग लागली होती. ही नैसर्गिक कमान अगदी कड्याच्या टोकाला आहे. सूर्य वर आला आणि कमानीचा तळ, जो सूर्याकडे पाठ करून असतो, तोच सगळ्यात आधी नारिंगी झाला. ऊन खालच्या कड्यावर पडून वर उसळलं होतं. पलीकडच्या आर्चेस उद्यानात अशा दोन हजारांहून अधिक कमानी आहेत. त्यांतली वॉल आर्च २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री कोसळली. म्हणून मी तिथे कॅमेरा उगाच खाली ठेवला नाही. जे पडणार आहे त्याचा फोटो घेणं म्हणजे त्याला मान देणं, असं मी मानते.

घरी आल्यावर हजारभर फोटो चाळताना एक गोष्ट लख्ख दिसली. स्थळापुढे रांगेत उभं राहून, सूर्याकडे तोंड करून काढलेले फोटो नीटनेटके आहेत. त्यांत सगळे ओळखू येतात. जिवंत आहेत ते दुसरेच. गाडीच्या मागच्या सीटवर आजी-आजोबांच्या मध्ये दाटीने बसलेली लेक. घळीत बाबांच्या हातातल्या कागदावर वाकलेला नवरा, आणि कागदाचा पांढरा उजेड त्याच्या हनुवटीवर.

संगमनेरच्या आमच्या दोन खोल्यांत कोणाला एकांत नव्हता. भांडणं झाली की ती चारही भिंतींना लागायची. फिनिक्सच्या घरात प्रत्येकाला दार आहे, ते लावून घेता येतं. ही मोकळीक आम्ही कष्टाने मिळवली आहे आणि मला ती हवी आहे. पण दोन कडा फार लांब गेल्या की काय होतं, हे मी ग्रँड कॅन्यनवर भर दुपारी पाहिलं. आई-बाबांच्या आणि माझ्या घरांमध्ये दोन समुद्र आहेत. ते अंतर हवेवर सोडून दिलं तर त्यात सगळं विरून जाईल. ते कमी करायचं काम माणसालाच करावं लागतं: वेळ काढून, खर्च करून, एकमेकांच्या सवयी सोसून, एका गाडीत दाटीने बसून.

येत्या हिवाळ्यात आम्ही सांदणला जाणार आहोत. बाबांचे गुडघे जेवढे साथ देतील तेवढं आत जाऊ. लेकीने आताच ठरवलंय की तिथे ती काळ्या दगडातला उजेड शोधणार. तो तिला सापडेल, अशी माझी खात्री आहे. कारण तो कुठे शोधायचा ते तिला आता माहीत आहे. सूर्याच्या दिशेला नाही. समोरच्या भिंतीवर.