बन्याची सायकल

तीन महिने टेबलावर एक चाळीस पानी वही पडून आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘पहाट. कालव्याकाठचा रस्ता. लांबून सायकल येते.’ पुढची पानं कोरी.

सायकलवर फास्टर फेणे. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला, फुरसुंगीचा, काडीपैलवान बन्या, जिभेनं ‘ट्टॉक’ करणारा. त्याच्यावर वीस मिनिटांची फॅन फिल्म करायची आहे. विकायची नाही, तो माझा फार लाडका, एवढंच.

मित्र म्हणाला, ‘अरे, तो पडद्यावर येऊन गेला की!’ गेला खरा. दूरदर्शनवर सुमीत राघवन, 2017 साली सिनेमात अमेय वाघ. त्याच सिनेमात दिलीप प्रभावळकर भा. रा. झालेले बघून माझा गळा दाटून आला होता. पण तो बन्या प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण. गोवर निघाला तेव्हा वाचनालयाच्या खाकी कव्हरातून माझ्या चादरीत शिरलेला बन्या अजून अर्ध्या चड्डीतच आहे.

पैशांचं मला भय नाही. मालेगावात नासिर शेखनं 2000 साली ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा थोडक्या पैशांत केला. तिथली माणसं सायकलची ट्रॉली करायची, बैलगाडीची क्रेन.

घोडं अडलंय दुसरीकडे. भा. रा. 2001 मध्ये गेले. कायद्यानं लेखनाचे हक्क लेखकामागे 60 वर्षं राहतात, म्हणजे 2061 अखेरपर्यंत. फुकट दाखवली म्हणून परवानगी चुकत नाही. ‘कोण विचारतंय?’ असं मित्र म्हणतो, ते मला पटत नाही. ज्या घरात लहानपण काढलं, तिथं न विचारता कडी कशी काढायची?

शिवाय एक भीती होती. खरं पोरगं समोर आलं, की मनातला बन्या पुसला जाईल. म्हणून गेल्या रविवारी भाच्याला सायकलवर बसवलं आणि मोबाइल धरला. उतारावर चेन पडली. तो उतरला, पुढच्या दात्यावर चेन टेकवून पेडल उलटं फिरवलं, काळी बोटं चड्डीला पुसली आणि माझ्याकडे न बघता सुटला. ते तुकडे मी रात्री कितीदा तरी पाहिले. आता मनातल्या बन्याचीही बोटं काळी आहेत, आणि मला ते आवडलंय.

काल भागवतांच्या घरच्यांना पत्र लिहिलं. सोबत वहीचं पहिलं पान जोडलं. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात भाचा दारातून डोकावला.

‘मामा, चेनला तेल घालून ठेवू?’

‘ठेव,’ म्हटलं.