केमोनंतरची आई

आईचा कर्करोग बरा झाला, असं सगळे म्हणतात. पण दाण्याचं कूट कुठल्या डब्यात, हे तिला आठवत नाही. बोलताबोलता शब्द निसटतो आणि ती खजील होते. ‘वय झालं आता,’ म्हणून नातेवाईक विषय संपवतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत जीन मँडेलब्लाट यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या साठीपुढच्या स्त्रियांचा अभ्यास केला. २०१८ च्या निष्कर्षांत, केमो घेतलेल्या आणि एपीओई या जनुकाचा ई-४ हा प्रकार असलेल्या स्त्रियांचं लक्ष आणि विचारांचा वेग घसरलेला दिसला. सगळ्यांचा नव्हे. झोप, थायरॉइड, बी-१२, मनाची उदासी हेही तपासायला हवंच. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तिच्या विसरण्याबद्दल स्पष्ट विचारणार आहे. आईलाच आधी बोलू देईन, कितीही वेळ लागो.