कुत्रा कोणत्या जातीचा?

एजंटने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "कुत्रा कोणत्या जातीचा?"

मी म्हटलं, "गावठी. कुत्री आहे."

"अरेरे. लॅब्रॉडोर, पग असं काही असतं तर मालकाशी बोललो असतो, मॅडम. गावठी म्हटलं की लोक नको म्हणतात." मग जरा थांबून, "आणि तुमचं आडनाव?"

"गायकवाड."

"गायकवाड म्हणजे... गाव कुठलं तुमचं?"

आमचं आडनाव मराठ्यांतही आहे आणि आपल्यातही. त्यामुळे विचारणाऱ्याची पंचाईत होते. मग गाव विचारतात, नॉनव्हेज खाता का विचारतात, एकाने तर "९६ कुळी ना?" असं स्वतःच ठरवून टाकलं होतं. माणसाची जात थेट विचारणं बरं दिसत नाही, एवढं पुण्याने शिकून घेतलं आहे. कुत्र्याची मात्र बेधडक विचारता येते.

आमच्या घरात माणसं दोन, मी आणि आई. तिसरी काळी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये येरवड्याच्या एका वस्तीत रेशनचे किट वाटत होतो, तेव्हा नाल्याच्या कडेला पाय मोडलेलं हे पिल्लू सापडलं. आज तिची नसबंदी झालेली आहे, लसीकरणाचं कार्ड आहे, महापालिकेचा परवाना आहे. तिची कागदपत्रं माझ्यापेक्षा नीट लावलेली असतात. जुन्या मालकाने मुलाच्या लग्नासाठी घर मागितलं आणि आम्ही दोन महिन्यांत एकोणीस घरं पाहिली.

त्यातलं एक घर सांगते. कोथरूड भागातलं, दुसरा मजला. मालक निवृत्त गृहस्थ, पूर्वी स्वतः कुत्रा पाळलेले. फोनवरच म्हणाले, "कुत्रा आहे? मग तर याच, घेऊन या." आम्ही काळीला घेऊन गेलो. त्यांनी तिला मांडीजवळ बसवून घेतलं, बिस्किट दिलं, तिच्या पायाची चौकशी केली. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. घर दाखवताना ते आईला म्हणाले, "देवघर इथे ठेवा, ईशान्य कोपरा आहे." आई सरळ मनाने म्हणाली, "आमच्याकडे देवघर नाही हो. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावतो, तिथंच वंदना घेतो."

ते "हो का, छान" म्हणाले. चहाही झाला.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. मालकांच्या मिसेसना कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे म्हणे. त्या मिसेस त्या घरात राहणारच नव्हत्या, त्यांचं घर वेगळ्या इमारतीत आहे.

मी हे सांगितल्यावर आई बराच वेळ काळीच्या अंगावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मी बोलायला नको होतं." साठी ओलांडलेल्या, धम्म जगलेल्या बाईला स्वतःच्या घरातल्या फोटोबद्दल असं वाटावं, याचा राग मला अजून आहे.

आता कुणी म्हणेल, पुरावा काय? पुरावा नाही. तेच तर या नकाराचं वैशिष्ट्य. माझा एक ब्राह्मण सहकारी आहे, त्याच्याकडेही कुत्रा आहे. त्यालाही नकार मिळाले. "तू प्रत्येक गोष्टीत जात आणतेस," असं तो मला म्हणाला. पण त्याला नकार कशामुळे मिळाला ते त्याला ठाऊक असतं. मला प्रत्येक वेळी अंदाज करावा लागतो. काळीमुळे नाकारणाऱ्यांना एक सोयीचं, सभ्य कारण मिळालं.

हा माझ्या एकटीचा संशय नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात सवर्ण, दलित आणि मुस्लिम घर शोधणाऱ्यांना मिळणाऱ्या उत्तरांची तुलना केली. २०१५ मध्ये तो अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. नावानुसार उत्तर बदलतं, हे त्यात स्पष्ट दिसतं.

कायद्याची तऱ्हाही बघा. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये प्राणिमात्रांविषयी करुणा हे कर्तव्य आहे. सोसायटीने अडवलं तर काळीसाठी हे कागद मी दाखवू शकते. माझ्यासाठी? अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव आहेत. भाड्याचं घर नाही. आणि २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवण्याचा नियम मान्य केला. चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, हे आपण दर २० मार्चला आठवतो.

१९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, ते गायकवाडांच्याच संस्थानात. घर मिळेना म्हणून पारशी सराईत पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. मीही "हो, ९६ कुळी" म्हणू शकले असते. एकदा जिभेवर आलंही होतं.

शेवटी घर मिळालं ते विश्रांतवाडीकडे, आपल्याच माणसाकडे. मी हे घर आधी टाळत होते, कारण शहरात येऊनही आपण आपल्याच वस्तीत ढकलले जावं हे मला पटत नाही. आणि इथेही काळीचं स्वागत झालं असं समजू नका. मालकांनी आडनाव विचारलं नाही, पण कुत्री म्हटल्यावर त्यांचाही चेहरा पडला. "ताई, गावठी आहे, चावली तर?" मी त्यांना म्हटलं, "दादा, गावठी म्हणून चावते हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ते हसले. तरीही जिन्यात बांधायची नाही, गच्चीवर न्यायची नाही, असं करारात लिहून घेतलंच. मी सही केली.

फोटो लावून झाले आहेत. काळी दाराशी झोपते. करार ११ महिन्यांचा आहे, त्यातले चार झाले.