बांगड्या भरलेले हात

किशोरवयात जडलेली आवड वयाबरोबर ओसरते, असा एक सार्वत्रिक समज आहे. मुलींच्या बाबतीत तर ती ओसरावी, अशीच अपेक्षा असते. माझी एक आवड मात्र पस्तीसहून अधिक वर्षे टिकून आहे. ती आहे ‘द बँगल्स’ या अमेरिकन रॉक बँडविषयीची. 1981 साली लॉस एंजेलिस येथे सुरू झालेल्या या बँडच्या भरभराटीच्या काळात त्यात चारही स्त्रियाच होत्या: सुझाना हॉफ्स, व्हिकी व डेबी या पीटरसन भगिनी आणि बास गिटार वाजवणारी मायकेल स्टील. मायकेल हे नाव पुरुषी वाटले, तरी तीही स्त्रीच.

1987 साली मी शिरगावात दहावीत शिकत होते. मुंबईत नोकरी करणाऱ्या मामेभावाने ‘डिफरंट लाइट’ या त्यांच्या गीतसंग्रहाची कॅसेट आणली. गाण्यांतील शब्द फारसे कळत नव्हते. चौघींचे एकमेकींत मिसळणारे आवाज मात्र मनात ठसले. “गातात त्याच आणि वाजवतातही त्याच,” असे भाऊ म्हणाला, तेव्हा मी चकित झाले.

स्त्रियांचे गाणे आमच्या परिसराला नवे नव्हते. पालघर परिसरातील वारली समाजात लग्नविधीची गीते गाणारी धवलेरी ही स्त्रीच असते आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महदंबेनेही तेराव्या शतकात रचले ते धवळेच. अशा रीतीने स्त्रीच्या गळ्याला मान होता. परंतु तारपा फुंकणारा पुरुष आणि वरातीतला ताशा वाजवणाराही पुरुषच. स्त्रीच्या हातात वाद्य मी पाहिले नव्हते.

त्यातच या बँडचे नाव! त्यांचे आधीचे नाव ‘बँग्ज’ होते. त्या नावाचा दुसरा बँड अस्तित्वात असल्याने त्यांनी ते बदलले. मात्र ‘बँगल’ हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्याकडचा. अठराव्या शतकात तो हिंदीतून इंग्रजीत गेला आणि आपल्या ‘बांगडी’चा तो सख्खा नातलग. गावातल्या भांडणांत “आम्ही काही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत,” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. ज्या हातांत बांगड्या, ते हात दुबळे, असा त्याचा आशय. आता तोच शब्द समुद्रापार जाऊन हातात गिटार घेऊन परतला होता.

पुढे भाषाविज्ञानाचा अभ्यास करताना अर्थापकर्ष आणि अर्थोत्कर्ष या संज्ञा भेटल्या. शब्दाचा अर्थ समाजाच्या व्यवहारात खालावतो किंवा उंचावतो, हे तत्त्व मला समजावून घ्यावे लागले नाही. एका कॅसेटने ते आधीच शिकवले होते. शब्दकोशात ‘बांगडी’चा अर्थ तसूभरही हलला नव्हता, एका मुलीच्या मनात मात्र तो बदलला होता. व्यापक अर्थपरिवर्तनाचा आरंभ बहुधा अशा एकेकट्या मनांतच होत असावा.

ही आवड डोळस होत गेली, हेही नमूद केले पाहिजे. 1986 च्या अखेरीस अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचलेल्या ‘वॉक लाइक ॲन इजिप्शन’ या गाण्यात तिघींना एकेक कडवे मिळाले. ड्रमवादक डेबीला एकही नाही. तिच्या ड्रमची जागाही यंत्राने घेतली होती. हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. म्हणजे चौघींच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातही एकीचे हात रिकामेच राहिले. 1989 मध्ये बँड फुटला आणि सुमारे दशकभराने पुन्हा एकत्र आला. या माहितीने माझे प्रेम उणावले नाही. वाद्य एकदा हाती आले म्हणजे ते कायमचे आपले झाले असे नव्हे, ही जाण तेवढी त्यात मिसळली.

तो वाक्प्रचार आजही सभांमधून, मालिकांमधून सर्रास ऐकू येतो. वर्गात अर्थापकर्ष शिकवताना मी तो फळ्यावर लिहिते आणि विद्यार्थिनींना त्याचा अर्थ विचारते. अलीकडे उत्तर देण्यापूर्वी त्या थोड्या थांबतात, काही हसतात. भाषेच्या अभ्यासकाला ते थांबणे महत्त्वाचे वाटते.