अम्मींची शेगडी

आमच्या घरात पहाटेचा पहिला आवाज अजानचा नसतो. त्याच्याही आधी शेगडीवर पातेले ठेवल्याचा आवाज येतो. अम्मी वजूसाठी पाणी तापवत असतात. आम्ही दोघी जावा अर्धवट झोपेत तो आवाज ऐकतो आणि समजतो की फजरला अजून थोडा वेळ आहे.

आमचे पुणतांबा लोकांना ठाऊक आहे ते चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे, शिर्डीकडे वळणाऱ्या रेल्वेमुळे आणि १ जून २०१७ रोजी इथून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. गाव गोदावरीच्या काठावर आहे. पौष-माघात नदीवरून वारा सुटला की टाकीतल्या पाण्यात बोट घालवत नाही. म्हणून थंडीचे चार महिने अम्मींच्या वजूच्या बदन्यात कोमट पाणी लागते. ते तापवायला त्यांची विजेची शेगडी आहे. अब्बा हयात असताना त्यांनीच ती आणली होती. लोखंडी अंग, वर चिनी मातीची प्लेट, तिच्या खाचेत बसवलेली गुंडाळी कॉइल, आणि बाजूला पितळेच्या दोन गोल पिना. त्या पिनांवर इस्त्रीसारखा कनेक्टर दाबून बसवायचा. शेगडी २००० वॉटची आहे. आम्ही कितीदा म्हटले असेल, "अम्मी, आता इंडक्शन घेऊ." त्यांचे उत्तर ठरलेले, "नक्को बेटा. मेरा पातेला उसपर चलताच नहीं." ते खरेही होते. ॲल्युमिनियमचे भांडे इंडक्शनवर तापत नाही.

गेल्या थंडीत एके सकाळी स्वयंपाकघरात वास आला. प्लास्टिक जळाल्याचा, पण त्यात थोडा खारवलेल्या मासळीसारखा. पाणी नेहमीसारखे तापले होते, कॉइल नेहमीसारखी लाल होती. कनेक्टरला हात लावला तर चटका बसला. काढून पाहिले तर एका पिनेचे भोक काळे पडले होते आणि बाजूची वायर कडक होऊन तडकली होती.

घरातले दोघेही पुरुष आठवडाभर बाहेर असतात. एक मालवाहू गाडीवर आणि दुसरे पुण्यात नोकरीला. आम्ही ठरवले की एवढ्याशा कामासाठी रविवारपर्यंत थांबायचे नाही. कनेक्टर उघडला, सैल झालेली पितळी नळी पकडीने दाबून घट्ट केली, तडकलेली वायर कापून पुन्हा जोडली आणि वरून काळी टेप गुंडाळली. शेगडी चालू झाली. आम्हाला स्वतःचे फार कौतुक वाटले. चौथ्या दिवशी टेप वितळून ओट्यावर थेंब थेंब सांडली होती.

तेव्हा मात्र शेगडी पिशवीत घातली आणि एसटीने कोपरगाव गाठले. विजेच्या सामानाच्या दुकानातल्या चाचांनी ती काउंटरवर उलटी ठेवली, पिना डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "कनेक्टर देतो, पण एकटा नेऊ नका. या पिनाही बदला. नाही तर महिन्याभरात परत याल."

आम्ही कारण विचारले. त्यांनी जे समजावले ते आमच्यासारख्या अनेक घरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून नीट सांगतो.

शेगडी जितकी वीज ओढते तितकी सगळी त्या दोन पिनांमधून जाते. २००० वॉटच्या शेगडीतून २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर प्रवाह वाहतो. पिन आणि नळी एकमेकींना घट्ट चिकटून असतील तर तो अडखळत नाही. नळी सैल पडली की ती पिनेला एखाददुसऱ्या ठिकाणीच टेकते, आणि तिथे विजेला अडथळा होतो. समजा तो अडथळा फक्त अर्धा ओहम आहे, तरी तेवढ्या जागेत सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे जुन्या ४० वॉटच्या पिवळ्या दिव्याची धग नखाएवढ्या जागेत कोंडलेली. कॉइलचा स्वतःचा अडथळा सव्वीस ओहमच्या आसपास असतो. त्यापुढे हा अर्धा ओहम किरकोळ आहे, म्हणून कॉइल तशीच लाल दिसते, पाणी तसेच उकळते आणि बाजूला पिन जळत असल्याचे कळत नाही.

आमच्या पकडीचा उपाय का टिकला नाही, तेही तेव्हाच समजले. पितळेची नळी स्प्रिंगसारखी पिनेला धरून ठेवते. एकदा ती तापून काळी पडली की तिचा ताण मरतो. दाबली तर तेवढ्यापुरती बसते, तापली की पुन्हा ढिली होते. काळ्या, खड्डे पडलेल्या पिनेवर नवा कनेक्टर बसवला तरी हेच घडते. खडबडीत पिन नव्या नळीलाही खराब करते. म्हणून ही जोडी एकत्र बदलायची असते.

चाचांनी सामान काढून दिले. १६ अँपिअरचा चिनी मातीचा कनेक्टर, वायसरांसह पिनांचा सेट, तीन तारांची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चिनी मातीचे मणी. सामान बांधताना त्यांनी विचारले, "शेगडीला हात लागला तर झटका वगैरे बसतो का?"

"नाही," आम्ही दोघींनी एकदमच सांगितले.

घरी येऊन दुपारी जोहरनंतर काम काढले. शेगडी भिंतीपासून पूर्ण वेगळी होती आणि थंड होती. बटण बंद आहे म्हणजे वीज बंद आहे, असे समजू नये. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी चुकीच्या तारेवर असते. बटण बंद दिसते, पण कॉइलपर्यंत वीज पोहोचलेली असते. प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवायचा, मगच हात लावायचा.

खालचा पत्रा उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढले, म्हणजे कोणती तार कुठे होती याचा वाद उरत नाही. पिनांचे नट गंजले होते. थोडे तेल सोडून थांबलो, मग ते सुटले. नव्या पिना बसवताना चिनी मातीचे वायसर पत्र्याच्या दोन्ही बाजूंना येतील हे पाहिले. हे वायसरच विजेला लोखंडी अंगापासून दूर ठेवतात. आधीच्या वायसरांपैकी एक फुटलेला निघाला. पिनेपासून कॉइलकडे जाणाऱ्या तारेवर मणी ओवले. तिथे साधी प्लास्टिकची वायर चालत नाही, कारण तिचे आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच सोसते. डाग देऊनही हा जोड करायचा नाही. डाग द्यायचे साधे कथील-शिशाचे मिश्रण १९० अंशांच्या आसपासच वितळते. तिथे नट आणि वायसरच घट्ट आवळावे लागतात.

कनेक्टरमध्ये तारेचे सगळे धागे पिळून, स्क्रू आवळतो त्याच दिशेने त्याभोवती वळवले. एकही धागा बाहेर ठेवला नाही. हिरवी तार थोडी लांब ठेवली. चुकून वायरला हिसका बसला तर आधी बाकीच्या तारा सुटाव्यात, हिरवी सर्वात शेवटी, यासाठी. ही हिरवी तार अर्थिंगची. कनेक्टरच्या बाजूच्या पट्ट्या पिनांभोवतीच्या पत्र्याला टेकतात आणि शेगडीचे अंग त्या तारेशी जोडतात. तो पत्राही गंजला होता. सँडपेपरने घासून चकचकीत केला.

शेजारचा आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा मीटर घेऊन आला. दोन पिनांमध्ये सव्वीस ओहम. पिन आणि लोखंडी अंग यांच्यामध्ये काहीच जोड नाही. प्लगची जाडी पिन आणि अंग यांच्यामध्ये जवळपास शून्य. जे हवे होते तेच सगळे. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो आणि अम्मींना हाक मारली.

अम्मी आल्या, शेगडीवरून हात फिरवला, "माशाअल्लाह" म्हणाल्या. आम्ही गंमत म्हणून दुकानातल्या चाचांचा प्रश्न त्यांना सांगितला. झटका लागतो का, असे विचारत होते.

अम्मी काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "झटका नहीं. मुंग्या येतात."

"कधी?"

"पातेला उतारते वखत. सकाळी."

त्या गेले वर्षभर बोटांना मुंग्या येतात म्हणून सांगत होत्या. आम्ही शुगर तपासली होती. गोळ्या वेळेवर घेता का म्हणून टोकले होते, तळव्यांना तेल चोळून दिले होते. मुंग्या नेमक्या केव्हा येतात, हे मात्र आम्ही कधी विचारले नव्हते. त्या पहाटे उठायच्या, आधी नळाखाली हात धुवायच्या आणि ओल्या हातांनी, अनवाणी, शहाबादी फरशीवर उभ्या राहून पातेले उतरवायच्या.

"अम्मी, सांगितलं का नाही?"

"बोलती तो तुम लोगां शेगडी फेक देते."

आम्ही गप्प झालो. इंडक्शनचा विषय आम्ही जितक्यांदा काढला होता, तितक्यांदा त्यांच्या मनात ही भीती घातली होती.

शेजारचा मुलगाही गंभीर झाला होता. म्हणाला, "भाभी, शेगडीची अर्थिंग आता प्लगपर्यंत बरोबर आहे. पण पुढे भिंतीत आहे का?" ते आम्हाला माहीत नव्हते आणि भिंतीतले बोर्ड उघडायचे धाडसही करायचे नव्हते. शेगडी माळ्यावर ठेवली आणि परवाना असलेल्या वायरमनला निरोप दिला. तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर पाणी गॅसवर तापवले.

त्याने टेस्ट लॅम्प घेतला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये लागलाच नाही. बोर्ड उघडून दाखवले. तिसऱ्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. भोक नुसते दिसायला होते. इतकी वर्षे त्या शेगडीच्या फुटलेल्या वायसरातून, उतू गेलेल्या दुधाने काळ्या झालेल्या प्लेटमधून थोडी थोडी वीज लोखंडी अंगात उतरत होती. तिला जमिनीत जायला दुसरा रस्ता नव्हता. रोज पहाटे ती अम्मींच्या बोटांतून जात होती. ज्या दिवशी वायसर पूर्ण गळून पडला असता, त्या दिवशी मुंग्यांवर भागले नसते.

आम्ही नवा कनेक्टर आणि नव्या पिना कितीही नीट बसवल्या असत्या तरी भिंतीतली ही उणीव तशीच राहिली असती. आमची दुरुस्ती चोख होती, आणि तिच्याच भरवशावर आम्ही त्याच संध्याकाळी शेगडी अम्मींच्या हाती देणार होतो.

वायरमनने अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, तार स्वयंपाकघरापर्यंत आणली आणि मीटरशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज गळू लागली तर तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्यावर एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे. घरातले दिवे गेले पाहिजेत. नाही गेले तर तो निकामी आहे. हे काम आता आमच्या मुलांनी स्वतःकडे घेतले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बटण कोणी दाबायचे यावरून त्यांचे भांडण होते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी शेगडी, इस्त्री किंवा गिझर असेल तर त्यांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. दहा मिनिटे वापरल्यावर बटण बंद करून प्लग काढावा आणि लगेच प्लग, कनेक्टर हाताने पाहावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर जोड सैल झाला आहे, त्याला टेपने झाकू नये. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, कामाला येणाऱ्या बाईंना एकदा शांतपणे विचारावे, याला हात लागला की काही जाणवते का? वस्तू फेकून देऊ, रागावू, असे त्यांना वाटणार नाही अशा सुरात विचारावे.

अम्मींची एक जुनी सवय आहे. रात्री झोपताना घरातली आग विझवून झोपावे ही हुजूर सल्लल्लाहू अलैहि वसल्लम यांची शिकवण त्यांनी माहेरी चुलीच्या काळात ऐकलेली. चूल गेली, सवय राहिली. इशानंतर त्या गॅसचे बटण, देवडीतला दिवा, सगळे पाहून येतात. आता त्या फेरीत एक थांबा वाढला आहे. शेगडीचा प्लग काढून त्या वायर गुंडाळतात आणि पातेल्यात ठेवतात.

शेगडी तीच आहे. पहाटे पातेल्याचा आवाज तसाच येतो. पहिले काही दिवस आम्ही दोघी आवाजासरशी उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहत होतो. अम्मींनी एकदा वळून पाहिले, ओला हात पुसला, चपला पायात असल्याचे दाखवले आणि म्हणाल्या, "जाओ, सो जाओ. अब कुछ नहीं होता."

आम्ही परत गेलो नाही. वजू करून त्यांच्या शेजारी मुसल्ले अंथरले.